साच्यासाठी दिलेला गळा

१२ जानेवारी, रविवार

डायरीच्या पहिल्या पानावर रकाने आहेत. नाव: दशरथ. राहणार: भटवाडी, घाटकोपर. व्यवसाय: कपड्यांच्या दुकानांत उभे असतात ते पुतळे बनवणे. रक्तगट: सुनेला विचारावा.

सून म्हणजे नमिता. मोठ्या इस्पितळात आयसीयूत डॉक्टर आहे, भूल देण्याचं शिकलेली. माहुलच्या कोळ्यांची पोर, तोंडाला फाटक नाही. मुलगा सर्वेश बोटीवर, वर्षातला अर्धा काळ समुद्रात, त्यामुळे घरात माझ्याशी भांडायचं काम तिच्याकडे. तिचाच हुकूम झालाय की बाबांनी घशाला विश्रांती द्यावी, कमी बोलावं. आवाज बसलाय, उठत नाही. मी म्हटलं, दुकानदारांशी घासाघीस करून बसणारच तो. ती म्हणाली, मग घासाघीस लिहून करा.

रेझिनवाल्या कंपनीची डायरी घरात कोरी पडली होती. सुगंधा, आमची मंडळी, म्हणाली, "लिवा ओ. कागदाक कान नसतत."

१६ जानेवारी, गुरुवार

असल्फ्याच्या माझ्या कारखान्याच्या गाळ्यात शिट्टी ऐकू येते. बारीक, फटीतून वारा यावा तशी. माझे कान तिखट. फायबरच्या पुतळ्याला टिचकी मारली की आत कुठे हवा राहिलीय ते मी डोळे मिटून सांगतो. कंप्रेसरची नळी गळत असणार म्हणून सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले. एक बुडबुडा नाही. शेवटी प्रबुद्धने कंप्रेसरच बंद केला. हा माझा रंगारी. पुतळ्यांचे डोळे-भुवया तो काढतो, माझ्याबरोबर म्हातारा झाला. शिट्टी चालूच.

"शेठ," तो म्हणाला, "ही कंप्रेसरची नाय."

मी म्हटलं, तेच तर, शेजारच्या प्लास्टिकवाल्याची आहे, उद्या झापतो त्याला. प्रबुद्ध नुसता माझ्याकडे बघत राहिला. भांडण म्हटलं की तो अंग काढून घेतो.

नवा धोबी कॉलरी आटवतो. सगळ्या शर्टांचं वरचं बटण लागेनासं झालंय.

१९ जानेवारी, रविवार

माहुलहून व्याह्यांनी घोळ मासा पाठवला. जेवताना नमिताने धंद्याची गोष्ट काढली, हे पहिल्यांदाच. तिच्या हाताखालची शिकाऊ डॉक्टरमंडळी श्वासाची नळी घालायला रबरी डोक्यावर शिकतात. रोग्याला गुंगी द्यायची, तोंडातून दिव्याची पट्टी आत सरकवायची, आवाजाच्या पडद्यांमधून नळी खाली सोडायची. पण ती डोकी फार गुणी, म्हणाली. तोंड गुहेसारखं उघडतं, मान पाहिजे तशी वळते. "असली माणसं आमच्याकडे येतच नाहीत, बाबा. आमच्याकडे येतात त्यांचं तोंड उघडत नाही, मान आखूड, नळी बाजूला सरकलेली. मला एक अवघड डोकं बनवून द्या."

आयुष्यभर तोंडं बनवली, पण मिटलेली. तोंडाच्या आत काय असतं ते साडीच्या दुकानाला नको असतं. म्हणजे हा धंदाच नवा. मी आमटीत बुडालेला हात तसाच वर करून हो म्हटलं. सुगंधा म्हणाली, पहिला हात धुवा.

२४ जानेवारी, शुक्रवार

मापं घेतली. अवघड माणसाचं माप कुठून आणायचं, तर नमिता म्हणाली, तुमचंच घेऊ, तुम्ही समोर आहात. आपलीच तीन बोटं उभी करून दातांच्या मधे घालायची. चांगल्या माणसाची तीन जातात. माझी दीड गेली. सुपारीचा हा प्रताप, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, दीड बोटातून एवढं बोलतो, तीन असती तर काय झालं असतं. मग हनुवटीपासून गळ्याच्या मण्यापर्यंत बोटं ठेवून बघितलं, मान मागे टाकायला लावली. मान फार जात नाही. प्रत्येक मापाला ती "हं" म्हणत होती. गिऱ्हाइकाला माल पसंत पडला की असंच "हं" म्हणतं, मला कळतं ते.

प्रबुद्धने मातीच्या डोक्याला माझ्यासारखी मिशी काढून ठेवली. पुसायला सांगितली. मग म्हटलं राहू दे, चेहरा भरदार दिसतो.

२८ जानेवारी, मंगळवार

बाहेरचं डोकं रबरात ओतून झालं. आतल्या गळ्याचं काय? नमिता म्हणाली, त्याला खऱ्या माणसाच्या गळ्याचा स्कॅन लागेल.

म्हटलं, माझा घे की.

दिवाळीपासून ती माझ्यामागे लागली होती, गळ्याचा स्कॅन करू, एकदा बघून घेऊ म्हणून. लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, मी टाळलं. उगाच कशाला. पण हे कामाचं आहे. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बाबा, गळा तुमचा असला तर जे दिसेल ते दिसेल. नंतर कुरकुर नको." मी म्हटलं, दशरथ साच्याला कधी नाही म्हणत नाही.

आज जाऊन आलो. यंत्र चांगलं, पण हवा खेळती नाही. उताणं झोपवल्यावर छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं. यंत्रावरच्या पोराने खाली उशी दिली तेव्हा कुठे जमलं. घरी तरी मी तीन उशांवर झोपतो, सवय आहे.

नमिताने तिथूनच स्कॅनची फाइल साकीनाक्याच्या थ्रीडी प्रिंटवाल्याकडे पाठवली, तो फाइलवरून प्लास्टिकचा गळा छापून देतो. तिच्याकडे हे एक बरं, आजचं काम आज.

३१ जानेवारी, शुक्रवार

प्रिंटवाल्याने गळा पाठवला तो भंगार. श्वासाची नळी नाकासमोर सरळ जायची ती डावीकडे ढकललेली, आणि मधे अशी चेपलेली की पायाखाली आलेली पेपरची गुंडाळी. फोन करून खडसावलं. तो म्हणतो, काका, फाइलच तशी आहे. सगळे हेच म्हणतात. आपलं काम वाईट झालं की फाइल वाईट.

वेळ घालवला नाही. पुट्टी भरली, घासली, नळी गोल आणि ओळंब्यात आणली. संध्याकाळपर्यंत असा सुरेख गळा झाला की हवा फुंकली तर बासरी वाजावी.

३ फेब्रुवारी, सोमवार

स्वयंपाकघरात सासू-सुनेची कुजबूज चाललीय. मी आत गेलो की नळ सोडतात. पण माझ्या कानांपुढे नळाचं काय चालतं? "तारीख मिळायला हवी" हे ऐकलं. "सर्वेशला बोलवून घेऊ" हे ऐकलं. "त्यांना आत्ताच नको सांगू गो, तारीख हातात आली की सांग" हे तर सुगंधा नाक ओढत म्हणाली, कांदा चिरत असणार.

मार्चमध्ये मला साठ पुरी होतात. साठीशांत करायचा घाट दिसतोय, गुपचूप. सर्वेशला बोटीवरून बोलावतायत म्हणजे हॉलबिल घेणार. मी काही ऐकलं नाही असं दाखवतो. करू देत, हौस असते.

५ फेब्रुवारी, बुधवार

समारंभाला म्हणून शर्ट शिवायला टाकला. शिंप्याने गळ्याला टेप लावली आणि जुन्या मापाशी ताडून म्हणाला, शेठ, गळा चांगलाच वाढलाय. म्हटलं, खाऊनपिऊन सुखी आहे, टाक जास्त कापड.

काल नमिता दोनदा माझ्या खोलीत डोकावली, मी झोपलो असताना. चार्जर शोधत होती म्हणे. माझ्या खोलीत तिचा चार्जर कधीपासून?

८ फेब्रुवारी, शनिवार

डोकं घरी आणलं, नमिताला दाखवायला. तिने बाहेरून कौतुक केलं, मिशीला हसली. मग गळ्याचा भाग उघडला, बोट घालून आतून फिरवलं आणि थांबली.

"बाबा, ही नळी सरळ कोणी केली?"

मी सांगितलं, प्रिंटवाल्याने बिघडवली होती, मी दोष काढला.

ती खाली माझ्या पायाशी बसली. आमच्याकडे सुना सासऱ्याच्या पायाशी बसत नाहीत आता, आणि ही तर मुळीच नाही. म्हणाली, "दोष प्रिंटवाल्याचा नव्हता. तुमची नळीच तशी आहे."

मग सगळं सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड म्हणतात, ती माझी वाढून तिची गाठ छातीच्या हाडामागे उतरली आहे. तिनेच श्वासाची नळी एका बाजूला ढकलून चेपलीय. आवाज त्यानेच बसला. कॉलरी धोब्याने आटवल्या नाहीत. शिट्टी शेजाऱ्याची नाही, माझ्या श्वासाची आहे, प्रबुद्धने तिला मागेच फोन करून कळवलं होतं. गाठ कॅन्सरची दिसत नाही, पण काढावीच लागेल. सर्जनची तारीख मिळालीय, मार्चची. साठीशांत वगैरे काही नाही.

मी विचारलं, म्हणजे डोकं बनवायचं ते सगळं मला स्कॅनला न्यायचं नाटक?

"नाही. डोकं खरंच हवं होतं. पण तुमच्या गळ्याची भीती होती, आणि तुम्ही गळा देतो म्हणालात तेव्हा मी नको म्हटलं नाही. रागवा हवं तर."

सुगंधा दारात उभी होती. हातात कांदा नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

कोणाशी बोललो नाही. प्रबुद्धशी पण नाही. शिट्टी ऐकत बसलो. एकदा कळलं की ऐकू यायची थांबत नाही.

सुगंधाने समोर पेज आणून ठेवली आणि म्हणाली, रुसलास तरी श्वास घेऊक लागतलोच. लग्नानंतर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला अरे-तुरे केलं. तिचं तिला कळलंसुद्धा नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुट्टी काढली. सगळी. नळी होती तशी वाकडी केली, चेपली होती तशी चेपली, स्कॅनची चित्रं समोर ठेवून. प्रबुद्ध म्हणाला शेठ, मी करतो, तुम्ही बसा. म्हटलं, गळा माझा आहे. हात एकदाच थांबला, जिथे नळी सगळ्यात बारीक आहे तिथे. तिथे माझी करंगळीही जाईना.

प्रबुद्धला विचारलं, नमिताला फोन केलास ते मला का नाही सांगितलंस? म्हणाला, शेठ, सांगितलं की, तुम्ही प्लास्टिकवाल्याला झापायला गेलात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं इस्पितळात पोचवलं. नमिताच्या वरच्या डॉक्टर, जयंती मॅडम, बारीक चणीच्या, आवाज शाळेच्या बाईसारखा. त्यांनी मला खुर्ची दिली आणि माझ्यासमोर माझ्या गळ्याचा सराव केला.

तिथे कळलं की मला इतरांसारखी आधी गुंगी देता येणार नाही. झोपलो की गळ्याचे स्नायू सैल पडणार, गाठ नळीवर बसणार, श्वास बंद. तोंड उघडत नाही, म्हणून वरून घाईघाईने नळी घालता येणार नाही. आणि एरवी शेवटचा उपाय म्हणून पुढून गळ्याला छेद देतात, तर तिथे गाठच बसलीय. नमिता म्हणाली, "बाबा, तुमच्या घराला मागचा दरवाजा नाही." म्हणून जागेपणी, बसवून, घसा बधिर करून, नाकातून दोरीसारखा कॅमेरा घालायचा आणि त्याच्यावरून नळी सरकवायची. तोवर श्वास माझा मीच घ्यायचा.

रबरी डोक्यात कॅमेरा गेला, पण नळी पडद्यांपाशी अडली. मॅडमनी जोर केला नाही. नळी थोडी मागे घेतली, डावीकडे फिरवली, मग सोडली. सुळकन गेली. एकेका शिकाऊ डॉक्टरने तेच करून पाहिलं. एका मुलीने नळी आत ढकलली तेव्हा माझा हात आपोआप माझ्या गळ्याकडे गेला. तिने डोक्याला सॉरी म्हटलं.

नमिता भिंतीला टेकून उभी होती. घरच्या माणसाला घरच्यांनी नळी घालायची नाही, असा त्यांचा नियम आहे. मला वाटतं नियम नसता तरी तिने घातली नसती. दोन्ही हात तिने पाठीमागे धरून ठेवले होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नळी आहे. बोलता येत नाही. ऑपरेशन झालं. अक्षर वाकडं आहे ते औषधाने. सर्वेश आलाय, उगाच रडतो.

१ मार्च, शनिवार

आता वॉर्डात आहे, उशीला टेकून लिहितो. नीट लिहून ठेवतो, नाहीतर सुगंधा आपली कथा सगळ्यांना सांगत सुटेल आणि तीच खरी ठरेल.

२१ तारखेच्या शुक्रवारी दुपारी गाळ्यात सर्दीने नाक चोंदलं आणि श्वास अर्ध्यावर अडायला लागला. शिट्टीची किंकाळी झाली. प्रबुद्धने काही विचारलं नाही, रिक्षा घातली दारात. तारीख मार्चची होती, पण गाठीने कॅलेंडर पाहिलं नव्हतं.

आयसीयूत बसवलं. नाकाला प्राणवायू. घशात कडू औषधाचा फवारा, पुन्हा फवारा, जीभ माझी नव्हेशी झाली. सर्जन हातमोजे घालून बाजूला उभे राहिले, ते बघून मी ओळखलं, नळी गेली नाही तर गाठीतूनच सुरी चालणार. जयंती मॅडम म्हणाल्या, दशरथराव, तुमचाच गळा आहे, मला पाठ झालाय. मग नमिता समोर आली. माझे दोन्ही हात तिने हातात घेतले.

"बाबा, बोलत राहा. तुम्ही बोलताय तोवर मॅडमना पडदे हलताना दिसतात. नळी पडद्यांतून गेली की तुमचा आवाज जाणार. आवाज गेला म्हणजे आपण जिंकलो. घाबरायचं नाही."

मी खरखरत म्हटलं, काय बोलू? आयुष्यात पहिल्यांदा मला हा प्रश्न पडला.

"गाऱ्हाणं घाला. तुमचं ते गावचं."

आमच्याकडे काही कार्य असलं की देवापुढे एकजण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे दर वाक्याला हो म्हणतात. मी सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, आज ह्या तुझा लेकरू नाकात दोरी घालून तुझ्या पुढ्यात बसलाहा, तेका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," नमिता म्हणाली. माहुलच्या पोरीने म्हटलं, आणि सूर बरोबर लावला.

कॅमेरा नाकातून मागे उतरत होता. डोळ्यांतून पाणी. "ह्या सुनेक चायत साखर किती घालूची ती अक्कल दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी मागून कोणीतरी एक नर्सपण म्हणाली.

"माझ्या रंगाऱ्याक, माझ्या झिलाक, माझ्या बायलेक..." पुढचं मला आठवेना. तेवढ्यात यंत्राचा टिक-टिक आवाज उतरायला लागला. रक्तातला प्राणवायू कमी झाला की तो सूर खाली येतो, हे मला नमितानेच कधी तरी सांगितलं होतं. बाकीच्यांना कळायच्या आधी माझ्या कानांनी धरलं. पेटीवर एकेक पट्टी खाली उतरावी तसा. नमिताची बोटं माझ्या बोटांत रुतली, म्हणजे तिनेही धरलं. नळी अडली होती. तिथेच, जिथे रबरात अडायची.

मॅडमनी जोर केला नाही. मागे, डावीकडे, आणि सोडली.

मी बोलत होतो आणि आवाज गेला. ओठ चालू होते, आतून वारा येत होता, पण शब्द नव्हता. वारा मात्र खोल गेला. केवढा खोल, कित्येक महिने गेला नव्हता एवढा. आणि त्या मुक्या ओठांकडे बघत नमिता मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि यंत्राचा सूर वर चढत होता. मग मला झोपवलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. गाठ सर्जनने सर्वेशला दाखवली, आंब्याएवढी म्हणतो. सुगंधाला विचारलं तर नारळाएवढी. आवाज खरखरीत आहे, हळूहळू येईल म्हणतात. नळी काढल्यावर आधी मी पाणी मागितलं, मग प्रबुद्धला फोन.

४ मार्च, मंगळवार

आज घरी आलो. एका उशीवर पडून बघितलं, जमतं.

संध्याकाळी नमिता पलंगाच्या कडेला बसून सुपारीचे डबे शोधून शोधून फेकायला काढत होती. मधेच विचारलं, बाबा, आवाज गेल्यावर शेवटचं काय मागितलंत गाऱ्हाण्यात? तुमचे ओठ हलत होते.

मी घोगऱ्या आवाजात सांगितलं, तुझ्यासाठी मागितलं गं. उदंड आयुष्य दे म्हटलं माझ्या सुनेला.

ती डबा बंद करून माझ्याकडे बघायला लागली.

"बाबा, आमच्या वॉर्डात सगळ्यांच्या घशात नळ्या असतात. ओठ वाचूनच आम्ही दिवस काढतो."

मी छताकडे बघितलं.

"आणि ती शिवी माहुलमध्ये पण हीच आहे," ती म्हणाली. "तरी मी व्हय म्हाराजा म्हटलं ना?"

सुगंधा बाहेरून ओरडली, काय झाला, कित्याक हसतास? हसताना टाके दुखले. नमिताने माझ्या गळ्यावर हलकेच हात धरून ठेवला आणि तीही हसत राहिली.